भूतानचं परराष्ट्र धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोकलामचं, म्हणजे चीन-भूतान वादातल्या पठाराचं, नाव बातम्यांत आलं की भूतानविषयी विचारणा सुरू होते आणि बातमी थंडावली की थांबते. एरवी भूतान आपल्याला दिसतो तो सहलीला जाऊन आलेल्यांच्या फोटोंत. ३८,३९४ चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण आठव्या हिश्शाएवढा हा देश. लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास, सोलापूर शहरापेक्षाही कमी. उत्तरेला चीन आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना भारत. अशा जागी बसलेला देश शेजाऱ्यांशी कसा वागतो, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती प्रकरणंच तशी आहेत.

भूतान खरोखर स्वतंत्र आहे, की भारताच्या छत्राखालचं संस्थान?

स्वतंत्र आहे. स्वतःचा राजा, संसद, राज्यघटना, सैन्य, चलन आणि २१ सप्टेंबर १९७१ पासून संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व. शंका येते ती इतिहासामुळे. १८६४-६५ च्या युद्धात ब्रिटिशांनी भूतानकडून डोंगरपायथ्याचा सुपीक दुआर पट्टा काढून घेतला आणि सिंचुलाच्या तहाने त्याबदल्यात वर्षाला पन्नास हजार रुपये देऊ केले. उत्तर बंगालातल्या दुआरचे चहाचे मळे याच पट्ट्यात आहेत. १९१० च्या पुनाखा तहात ही रक्कम एक लाख झाली आणि परराष्ट्र व्यवहारात ब्रिटिशांचा सल्ला मानण्याचं कलम आलं. अंतर्गत कारभारात मात्र ब्रिटिशांनी हात घातला नाही. कोल्हापूर-बडोद्यासारखा इंग्रज रेसिडेंट भूतानच्या दरबारात कधी बसला नाही. त्यामुळे १९४७ नंतर आपल्या संस्थानांपुढे उभा राहिला तो विलीनीकरणाचा प्रश्न भूतानपुढे आला नाही. शेजारच्या सिक्कीमची गोष्ट वेगळी होती. १९७५ मध्ये सिक्कीम भारताचं राज्य झालं आणि भूतानच्या राज्यकर्त्यांना त्यातून जे समजायचं ते समजलं.

१९४९ च्या करारात काय होतं आणि २००७ मध्ये काय बदललं?

८ ऑगस्ट १९४९ ला दार्जिलिंगमध्ये झालेल्या कराराचं दुसरं कलम सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे. भारत भूतानच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करणार नाही आणि भूतान परराष्ट्र संबंधांत भारत सरकारच्या सल्ल्याने चालेल, असं ते कलम म्हणत होतं. सोबत वार्षिक पाच लाख रुपये आणि देवांगिरी भागातली ३२ चौरस मैल जमीन परत. ‘सल्ल्याने चालेल’ याचा अर्थ सल्ला बंधनकारक असा दिल्लीने घ्यायचा आणि सल्ला ऐकून घेऊ असा थिंपूने, म्हणजे भूतानने. दोघांनीही हा फरक फार ताणला नाही.

८ फेब्रुवारी २००७ ला नवा करार झाला आणि सल्ल्याचं कलम गेलं. आता दोन्ही देश राष्ट्रहिताच्या बाबतीत एकमेकांना निकटचं सहकार्य करतील आणि आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाहीत. शस्त्रास्त्रं आयात करायला पूर्वी भारताची संमती लागायची. आता त्यामागचा हेतू मैत्रीपूर्ण आहे आणि भारताला धोका नाही, एवढी भारताची खात्री असली की पुरे. वेळही लक्षात घ्या. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी डिसेंबर २००६ मध्ये मुलासाठी गादी सोडली होती आणि २००८ मध्ये देशात पहिली संसदीय निवडणूक व्हायची होती. निवडून आलेल्या सरकारच्या हाती जुना करार द्यायचा नाही, हे आधीच ठरलं असणार, असं मला वाटतं.

नेहरू १९५८ मध्ये भूतानला तिबेटमधून का गेले?

कारण दुसरी धड वाट नव्हती. भारतातून भूतानच्या आत जाणारा मोटाररस्ता तेव्हा नव्हताच. सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू आणि इंदिरा गांधी गंगटोकहून नाथू ला (‘ला’ म्हणजे खिंड) चढून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरले आणि तिथून डोंगर ओलांडून भूतानमधल्या पारोला पोहोचले. बराचसा प्रवास खेचरं, घोडी आणि याकवर. चीनच्या ताब्यातल्या प्रदेशातून भारताचा पंतप्रधान तिसऱ्या देशात जातो, हे आज कल्पनेत तरी बसतं का?

या दौऱ्याशी आपल्या मातीतलं एक नाव जोडलेलं आहे. औंधचे आप्पासाहेब पंत, राजे भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव, १९५५ ते १९६१ या काळात गंगटोकला भारताचे पोलिटिकल ऑफिसर, म्हणजे सरकारचे प्रतिनिधी होते. थिंपूत भारताचं कार्यालय नव्हतं. सिक्कीम, भूतान आणि तिबेट या तिन्हींचा कारभार गंगटोकहून चाले. सातारा जिल्ह्यातल्या छोट्या संस्थानात वाढलेल्या माणसाकडे हिमालयातल्या छोट्या राज्याशी बोलण्याचं काम यावं, यात एक गंमत आहे.

पारोमध्ये नेहरूंनी जाहीरपणे सांगितलं की भूतानने स्वतंत्र राहावं, आपला मार्ग आपण निवडावा, हीच भारताची इच्छा आहे. पुढच्याच वर्षी तिबेटमध्ये उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि १९६० मध्ये भूतानने तिबेटशी असलेली सीमा बंद केली. शतकानुशतकं भूतानचं मीठ, लोकर, तांदूळ, धर्म, सोयरीक असं सगळं उत्तरेच्या खिंडींतून ये-जा करत होतं. ते तोंड दक्षिणेकडे वळलं. १९६१ मध्ये भारताच्या पैशावर पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने फुंत्शोलिंग-थिंपू रस्ता खोदायला घेतला. आजही भूतानच्या घाटात वळणावर लागणाऱ्या पाट्यांवर हे नाव दिसतं.

चीनशी राजनैतिक संबंध नाहीत, मग सीमेवर बोलणी कशी होतात?

दूतावास नसला तरी बोलता येतं. भूतान आणि चीन यांची थेट सीमाचर्चा १९८४ पासून चालू आहे. रोजचा पत्रव्यवहार बहुतेक दोन्ही देशांच्या दिल्लीतल्या दूतावासांमार्फत होतो. ८ डिसेंबर १९९८ ला दोघांनी सीमेवर शांतता राखण्याचा आणि अंतिम तोडगा निघेपर्यंत ‘जैसे थे’ ठेवण्याचा करार केला. दोन सरकारांमधला हा पहिला औपचारिक करार. त्यात चीनने भूतानचं सार्वभौमत्व मान्य केलं, म्हणून थिंपूत त्याचं मोल मोठं आहे.

बाकी, फक्त चीनच नाही. सुरक्षा परिषदेच्या पाचही कायम सदस्यांपैकी एकाशीही भूतानचे औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. अमेरिका नाही, रशिया नाही, ब्रिटन आणि फ्रान्सही नाहीत. मोठ्यांच्या भांडणात ओढलं जायला नको, हे यामागचं जुनं धोरण. त्याचा न बोलला जाणारा फायदा असा की चीनला नकार देताना ‘आम्ही पाचांपैकी कुणालाच बोलावलेलं नाही’ असं म्हणता येतं. एकाला दार उघडलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? एकूण पन्नासहून थोड्या अधिक देशांशी संबंध आहेत. २०२० च्या अखेरीस जर्मनी आणि इस्रायल यांची त्यात भर पडली.

वाद नेमका कोणत्या जमिनीचा आहे?

मुख्य दोन तुकडे. उत्तरेला पासामलुंग आणि जकारलुंग ही खोरी, मिळून ४९५ चौरस किलोमीटर. पश्चिमेला डोकलाम, सिंचुलुंग, द्रामाना, शाखातोए, मिळून २६९ चौरस किलोमीटर. नव्वदच्या दशकात चीनने देवाणघेवाण सुचवली: उत्तरेवरचा दावा आम्ही सोडतो, पश्चिमेचा भाग तुम्ही सोडा. क्षेत्रफळाच्या हिशेबाने सौदा भूतानच्या फायद्याचा दिसतो. पण पश्चिमेचे तुकडे चुंबी खोऱ्याला लागून आहेत आणि तिथून खाली सिलीगुडीचा चिंचोळा पट्टा येतो, जो सर्वांत अरुंद जागी जेमतेम वीस-बावीस किलोमीटर आहे. ईशान्य भारताची रेल्वे आणि महामार्ग तिथूनच जातात. भूतानने हा सौदा आजवर मान्य केला नाही, फेटाळूनही लावला नाही.

२०२० मध्ये चीनने अचानक पूर्वेच्या साकतेंग अभयारण्यावर दावा सांगितला, तोही जागतिक पर्यावरण निधीच्या बैठकीत. त्याआधी कोणत्याच फेरीत साकतेंगचा विषय निघाला नव्हता. बोलणी लवकर उरका, नाहीतर यादी वाढेल, असा तो निरोप होता.

डोकलाममध्ये २०१७ ला भूतान गप्प का बसला?

गप्प बसला नव्हता. मोजकं बोलला, आणि ते इतकं मोजकं होतं की आपल्या वाहिन्यांना ऐकू आलं नाही.

आधी घटना. १६ जून २०१७ ला चिनी सैन्याने डोकलाममध्ये डोका ला कडून झोम्पेलरीच्या दिशेने रस्ता करायला सुरुवात केली. झोम्पेलरीला भूतानी सैन्याची छावणी आहे. तिथे पोहोचलं की खाली सिलीगुडीच्या दिशेचा मुलूख नजरेच्या टप्प्यात येतो. दोन दिवसांत भारतीय जवान सिक्कीमच्या बाजूने खाली उतरून बुलडोझरसमोर उभे राहिले. २८ ऑगस्टला दोन्ही सैन्यं मागे हटली. ७३ दिवस हा पेच चालला. यात गंमत म्हणजे जमिनीचा वाद चीन आणि भूतानचा होता, आणि भारत उभा होता तो तीन सीमा जिथे मिळतात त्या जागेवरून. ती जागा भारत आणि भूतानच्या मते बटांग ला इथे आहे. चीनच्या मते त्याच्या काही किलोमीटर दक्षिणेला, ग्यमोचेन इथे. चीन १८९० च्या ब्रिटनशी केलेल्या तहाचा आधार देतो. त्या तहात भूतान सहभागीच नव्हता.

आता भूतानचं निवेदन. २९ जूनला परराष्ट्र मंत्रालयाने काढलेलं हे पत्रक चार-पाच वाक्यांचं आहे आणि प्रत्येक वाक्य तोलून बसवलेलं आहे. पहिल्यात तारीख आणि घटना: कोणत्या सैन्याने, कुठून कुठे रस्ता करायला घेतला. दुसऱ्या-तिसऱ्यात १९८८ आणि १९९८ चे लेखी करार: मार्च १९५९ पूर्वीची स्थिती जपायची, एकतर्फी पाऊल उचलायचं नाही. मग, भूतानच्या हद्दीत रस्ता करणं हा कराराचा थेट भंग आहे, हे चीनला जागेवरही सांगितलं आणि राजनैतिक मार्गानेही. शेवटी अपेक्षा: १६ जूनपूर्वीची ‘जैसे थे’ स्थिती राहावी. बस्स.

या सगळ्यात भारताचं नाव एकदाही नाही. भारतीय सैन्याला बोलावलं असंही नाही आणि नव्हतं बोलावलं असंही नाही. चीनला जे म्हणायचं ते म्हटलं, भारताला जे हवं होतं तेही त्यातच आलं, आणि भूतान कुणाच्या बाजूने उभा आहे याचा फोटो कुणाला मिळाला नाही. दिल्लीत तेव्हा काहींना हे फार कोमट वाटलं. मला ते त्या उन्हाळ्यातलं सर्वांत कसबी पत्रक वाटतं. प्रत्येकी सव्वा अब्जाहून अधिक लोकसंख्येच्या दोन देशांचं सैन्य समोरासमोर उभं असताना पावणेआठ लाखांच्या देशाने आवाज चढवून काय साधलं असतं?

पण भूतान आता चीनकडे झुकतोय ना?

ही बातमी दर दोन वर्षांनी नव्याने येते. १४ ऑक्टोबर २०२१ ला दोघांनी सीमाप्रश्न सोडवण्यासाठी तीन टप्प्यांच्या आराखड्यावर सामंजस्य करार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री टांडी दोर्जी बीजिंगला गेले आणि २०१६ नंतर अडलेली चर्चेची २५ वी फेरी झाली. भूतानचा परराष्ट्रमंत्री बीजिंगला जाणं ही नवलाची गोष्ट होती, हे खरं. त्याच वर्षी मार्चमध्ये पंतप्रधान लोटे त्शेरिंग यांनी बेल्जियमच्या एका वृत्तपत्राला सांगितलं की डोकलामचा प्रश्न भूतान एकट्याने सोडवू शकत नाही. देश तीन आहेत आणि तिघेही सारखेच. आपल्याकडे गदारोळ उठला. वाक्य नीट वाचलं तर त्यात भारताला बाहेर ठेवलेलं नाही, उलट भारताशिवाय तिथे काही ठरणार नाही असंच म्हटलं आहे. खटकलं ते चीनला ‘सारखंच’ म्हणणं.

उपग्रहचित्रांत मात्र दुसरी गोष्ट दिसते. भूतान ज्यावर हक्क सांगतो अशा भागांत, उत्तरेतही आणि डोकलामजवळही, चीनने गेल्या काही वर्षांत रस्ते आणि अख्खी गावं वसवली आहेत. भूतान सरकार यावर उघड काही बोलत नाही किंवा फार काही घडलेलं नाही असं सांगतं. मला इथे भूतानच्या शांत राहण्याची मर्यादा दिसते. समोरचा रोज एक वीट रचत असेल तर वेळ काढण्याचं धोरण समोरच्याच्याच कामी येतं. बोलणी उरकण्याची घाई म्हणूनच आहे. त्यात चीनप्रेम शोधू नये.

भारत भूतानला इतका पैसा का देतो?

भूतानच्या १३ व्या पंचवार्षिक योजनेसाठी, म्हणजे २०२४ ते २०२९ साठी, भारताने दहा हजार कोटी रुपये जाहीर केले आहेत. आधीच्या योजनेत ही रक्कम पाच हजार कोटी होती. सुरक्षा हे एक कारण झालं. दुसरं पाणी.

भूतानच्या नद्यांवर भारताने बांधलेल्या प्रकल्पांची वीज भारत विकत घेतो आणि त्यातून भूतानचा खजिना भरतो. चुखा ३३६ मेगावॉट, ताला १०२० मेगावॉट, मांगदेछू ७२० मेगावॉट. चुखाला ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज असं गणित होतं. नंतरच्या प्रकल्पांत ते उलटलं: मांगदेछूला ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज, तेही दहा टक्के व्याजाने. पुनात्सांगछू-१ तर भूतानी माणसाच्या डोक्याला लागलेला कायमचा घोर आहे. १२०० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला, २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या काठाचा डोंगर सरकला, आणि खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीपुढे गेला. त्याचा धाकटा भाऊ पुनात्सांगछू-२, १०२० मेगावॉटचा, मात्र पूर्ण झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं.

एक गोष्ट आपल्याकडे कमी लोकांना माहीत असते. पावसाळ्यात भूतान वीज विकतो. हिवाळ्यात हिम वितळायचं थांबतं, नद्या रोडावतात, आणि तोच भूतान भारताकडून वीज विकत घेतो. चलन नुगुल्त्रमही १९७४ पासून रुपयाला एकास एक बांधलेलं. २०१२ मध्ये भूतानकडे रुपयेच कमी पडले, तेव्हा तिथल्या मध्यवर्ती बँकेला रुपयांच्या व्यवहारांवर बंधनं आणावी लागली. देशाचा सुमारे चार-पंचमांश व्यापार एका शेजाऱ्याशी असला की असं होतं. म्हणूनच अलीकडे खासगी भारतीय कंपन्यांशी भागीदारी, सौरऊर्जा असे नवे मार्ग भूतान धुंडाळतोय. मुंबईची टाटा पॉवर त्यात जुनी आहे: १२६ मेगावॉटच्या दागाछू प्रकल्पात तिचा हिस्सा आहे आणि २०२४ मध्ये ५००० मेगावॉटच्या नव्या प्रकल्पांसाठी तिने भूतानच्या सरकारी वीज कंपनीशी करार केला.

२०१३ मध्ये भारताने गॅस का बंद केला होता?

गॅस बंद केला नव्हता, गॅस आणि रॉकेलवरचं अनुदान थांबवलं होतं; पण सिलिंडरचा भाव एका रात्रीत दुपटीवर गेल्यावर थिंपूतल्या गृहिणीला हा फरक सांगून उपयोग नव्हता. भारताने सांगितलेलं कारण तांत्रिक होतं: योजनेची मुदत ३० जूनला संपली. पण मतदान १३ जुलैला होतं. आणि आदल्या वर्षी पंतप्रधान जिग्मे थिनले रिओ दी जानेरोत चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांना भेटले होते. निवडणुकीत थिनलेंचा पक्ष हरला, त्शेरिंग तोबगे यांचा पक्ष ४७ पैकी ३२ जागा जिंकला. दिल्लीत बसलेल्या कुणी हे मुद्दाम केलं असो वा नसो, भूतानमध्ये आजही बहुतेकांचा समज मुद्दाम केलं असाच आहे. दिल्लीची घोडचूक, दुसरा शब्द नाही.

भूतान संयुक्त राष्ट्रांत नेहमी भारतासारखंच मत देतो का?

बहुतेक वेळा, नेहमी नाही. १९७९ च्या हवाना अलिप्ततावादी परिषदेत कंपुचियाची (आजचा कंबोडिया) जागा कुणाला द्यायची यावरून भूतानने भारतापेक्षा वेगळी भूमिका घेतली. अण्वस्त्र प्रसारबंदी करार भारताने आजतागायत नाकारला. भूतानने १९८५ मध्ये स्वीकारला. हवानाहून परततानाच चौथे राजे मुंबई विमानतळावर पत्रकारांशी बोलले आणि सकल राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा सकल राष्ट्रीय आनंद महत्त्वाचा, हे त्यांचं जगभर गाजलेलं विधान तिथलंच. भूतानचं सर्वांत मोठं ‘निर्यात उत्पादन’ सांताक्रूझला जगासमोर आलं म्हणायचं.

२०१२ मध्ये भूतानने सुरक्षा परिषदेच्या तात्पुरत्या जागेसाठी निवडणूक लढवली आणि पहिल्याच फेरीत २० मतांवर बाद झाला. दक्षिण कोरिया जिंकला. एवढी उडी त्या देशाने पुन्हा मारलेली नाही.

नेपाळ आणि भूतान यांचं का पटत नाही?

ल्होत्शाम्पांमुळे. दक्षिण भूतानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे नेपाळीभाषक लोक हे नाव. १९८५ चा नागरिकत्व कायदा, १९८८ ची जनगणना, आणि त्यानंतर सक्तीने लादलेला राष्ट्रीय पेहराव यांमधून असंतोष पेटला. १९९० पासून एक लाखाहून अधिक लोक देशाबाहेर काढले गेले किंवा निघून गेले. भारतातून वाट काढत ते पूर्व नेपाळच्या झापा-मोरंगमधल्या छावण्यांत पोहोचले. नेपाळ आणि भूतान यांच्यात चर्चेच्या पंधरा फेऱ्या झाल्या. एकही माणूस परत गेला नाही. २००७ नंतर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांनी सव्वा लाखाच्या आसपास पोहोचलेल्या या निर्वासितांपैकी १,१३,००० हून अधिक जणांना सामावून घेतलं, बहुतांश अमेरिकेने. २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांतल्याच काहींना हद्दपार करून भूतानला पाठवलं, तेव्हा भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही आणि ते पुन्हा नेपाळ सीमेवर येऊन पडले.

भारताने हा प्रश्न ‘तुमच्या दोघांचा’ म्हणून बाजूला ठेवला, जरी निर्वासितांना दोन्ही देशांच्या मधली भारताचीच जमीन ओलांडावी लागली. आनंदाचा निर्देशांक मांडणाऱ्या देशाविषयी लिहिताना हा परिच्छेद गाळायची सवय आपल्या प्रवासवर्णनांना आहे.

बांगलादेशशी?

उत्तम. ६ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशाला मान्यता देणारा पहिला देश भूतान; त्याच दिवशी काही तासांनी भारत. ५० वं वर्ष सुरू होताना, ६ डिसेंबर २०२० ला, दोघांनी प्राधान्य व्यापार करार केला. भूतानहून बांगलादेशात संत्री, सफरचंदं जातात आणि बांधकामाचे दगडगोटे जातात; सपाट गाळाच्या देशात दगड मिळत नाही. लोटे त्शेरिंग आणि टांडी दोर्जी हे तेव्हाचे पंतप्रधान-परराष्ट्रमंत्री दोघेही मैमनसिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले डॉक्टर. २०१९ मध्ये पंतप्रधान ढाक्याला गेले तेव्हा आपल्या जुन्या कॉलेजात जाऊन बंगालीत बोलले.

चार देशांचा मोटार वाहन करार मात्र वेगळा. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांनी तो २०१५ मध्ये थिंपूतच केला, आणि भूतानच्याच वरिष्ठ सभागृहाने २०१६ मध्ये नाकारला. अरुंद घाटांत परक्या ट्रकांची रीघ नको, एवढं साधं कारण.

भूतानने कधी भारतासाठी शस्त्र उचललं आहे का?

एकदा. आसाम आणि उत्तर बंगालातल्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी अतिरेक्यांनी दक्षिण भूतानच्या जंगलात सुमारे तीस तळ केले होते. सहा वर्षं समजावून झाल्यावर १५ डिसेंबर २००३ ला भूतानच्या सैन्याने कारवाई केली आणि राजा स्वतः आघाडीवर गेला. भूतानी सैनिकांचं प्रशिक्षण ‘हा’ नावाच्या खोऱ्यातल्या भारतीय लष्करी पथकाकडे १९६० च्या दशकापासून आहे.

कोविडच्या लशी पहिल्यांदा भूतानला गेल्या, हे खरं का?

खरं. २० जानेवारी २०२१ ला पुण्यात बनलेल्या कोविशील्डचे दीड लाख डोस मुंबईहून विमानाने पारोला पोहोचले. पहिल्यांदा लस मिळालेल्या परदेशांत भूतान होता. तिथे मात्र लगेच सुया टोचल्या नाहीत. सगळ्यांना पुरेल एवढा साठा येईपर्यंत थांबले, जोतिषांनी मुहूर्त काढला, आणि २७ मार्चला मोहीम सुरू करून प्रौढांना काही दिवसांत पहिला डोस देऊन टाकला. मग भारतात दुसरी लाट आली, निर्यात थांबली आणि दुसऱ्या डोसची पंचाईत झाली. जुलैत अमेरिकेने मॉडर्नाचे पाच लाख, डेन्मार्कने ॲस्ट्राझेनेकाचे अडीच लाख आणि चीनने सायनोफार्मचे पन्नास हजार डोस दिले. यांतल्या अमेरिकेशी आणि चीनशी औपचारिक संबंध नाहीत, हे वर आलंच आहे. भारताला कुणी दूषण दिलं नाही.

गेलेफूच्या शहराचा आणि रेल्वेचा परराष्ट्र धोरणाशी काय संबंध?

तरुण देश सोडून ऑस्ट्रेलियाला चाललेत, ही भूतानची आजची खरी चिंता. सध्याचे राजे जिग्मे खेसर यांनी डिसेंबर २०२३ मध्ये आसाम सीमेवरच्या गेलेफूला स्वतंत्र कायद्यांचं नवं शहर जाहीर केलं ते त्यासाठी. शहर सीमेलगत असल्यामुळे भारताचा रस्ता, विमानमार्ग आणि रेल्वे यांवर ते उभं राहणार. सप्टेंबर २०२५ मध्ये कोक्राझार-गेलेफू ६९ किलोमीटर आणि बनारहाट-साम्त्से २० किलोमीटर अशा दोन लोहमार्गांची घोषणा झाली, खर्च ४,०३३ कोटी. भूतानमध्ये आजवर रेल्वेचा रूळ पडलेला नाही.

आम्ही शेजारी, मग आमच्याकडून रोज बाराशे रुपये का घेतात?

शाश्वत विकास शुल्क. पूर्वी भारतीयांना ते माफ होतं आणि हंगामात सीमेवरच्या जयगावच्या कमानीतून गाड्यांच्या रांगा आत शिरायच्या. कमानीच्या अलीकडे भोंगे आणि फेरीवाले, पलीकडे झेब्रा क्रॉसिंगवर थांबणाऱ्या गाड्या. तेवढ्या पाच पावलांत देश बदलतो. २०२० च्या कायद्याने प्रौढ भारतीयांना रात्रीला १,२०० रुपये लागू झाले, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना काही नाही. इतर परदेशी पर्यटक शंभर डॉलर भरतात. म्हणजे सवलत आहेच, फुकट नाही एवढंच. व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. आधार कार्डावर आत सोडत नाहीत.